बॅटरी उतरण्याआधी

लाईन गेली की संगणकाच्या खोलीत आधी कूलर थांबतो आणि मग यूपीएसची टीं-टीं सुरू होते. २००० ते २०१० या काळात नागपुरात ज्यांनी कॉलेजची लॅब सांभाळली, एमएस-सीआयटीचं केंद्र किंवा सायबर कॅफे चालवला, त्यांना या आवाजाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. कोराडी आणि खापरखेडा ही दोन मोठी औष्णिक वीजकेंद्रं शहराच्या उशाशी असूनही भारनियमन नागपूरच्या वाट्याला आलंच. जून २००५मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती अशा कंपन्या झाल्या. मे २०११मध्ये महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाईन्स या तीन विभागांचं वितरण एका खासगी फ्रँचायझीकडे गेलं आणि सप्टेंबर २०१९मध्ये ते पुन्हा महावितरणकडे आलं. बिलावरचं नाव बदलत गेलं, उन्हाळ्यातला भार मात्र तसाच राहिला. २३ मे २०१३ला या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. अशा दुपारी घरोघरचे कूलर आणि एसी एकदम चालतात, आणि वीज कधी दगा देईल याचा नेम नसतो.

यूपीएस आहे, मग चिंता कसली, असं बाहेरच्याला वाटतं. पण यूपीएसमधली बॅटरी शिसं आणि आम्ल यांची असते, आणि तिचं आयुष्य २५ अंशांचं तापमान धरून सांगितलेलं असतं. त्याच्या वर दर आठ-दहा अंशांना ते साधारण निम्म्यावर येतं. पुण्यात तीन वर्षं टिकणारी बॅटरी विदर्भातल्या पत्र्याच्या छपराखाली तेवढी टिकत नाही. नवी असताना पंधरा मिनिटं देणारा यूपीएस दुसऱ्या उन्हाळ्यात चार मिनिटांवर येतो. खोलीत तीस संगणक, सांभाळायला एक लॅब असिस्टंट आणि हातात चार मिनिटं. एकेका टेबलाशी जाऊन स्टार्ट, मग टर्न ऑफ, असं करत तो दहाव्या यंत्राशी पोहोचतो तोवर विसावं यंत्र आपणहून काळं पडलेलं असतं.

त्याच खोलीच्या कोपऱ्यात बहुधा एक सर्व्हर असायचा. इंटरनेट वाटायला, फायली ठेवायला, आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर लिनक्स असायचं, कारण ते फुकट होतं आणि जुन्या यंत्रावरही नीट चालायचं. टेबलांवरच्या तीस यंत्रांवर मात्र विंडोज एक्सपी. म्हणून प्रश्न असा उभा राहिला की कोपऱ्यातल्या लिनक्सने टेबलांवरच्या विंडोजला सांगावं तरी कसं, की बाबा, आता आवरतं घे?

सांगण्याची गरज का, हे आधी पाहू. संगणक बंद करणं आणि त्याची वीज काढणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपण फाईल सेव्ह केली म्हणतो तेव्हा ती त्याच क्षणी हार्ड डिस्कवर उतरतेच असं नाही. वेग वाढावा म्हणून यंत्रणा बरंच लेखन काही काळ मेमरीत धरून ठेवते आणि सवडीने डिस्कवर नेते. त्या मधल्या काळात वीज गेली तर अर्धवट लिहिलेली नोंद मागे राहते. विंडोज ९८च्या दिवसांत अशा बंद पडण्यानंतर निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क चालायचं आणि सारा वर्ग खोळंबून बसायचा. पुढे विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी३ या जर्नल ठेवणाऱ्या फाईल व्यवस्था लॅबमध्ये आल्या. कोणता बदल करायचा आहे हे आधी एका वहीत टिपायचं, मग करायचा. त्यामुळे फायलींची अनुक्रमणिका तरी शाबूत राहू लागली. पण फाईलच्या आतला मजकूर वाचेल याची हमी जर्नल देत नाही. इतवारीतल्या व्यापाऱ्याला विचारा. दिवसभराची बिलं टॅलीत चढवली, लाईन गेली आणि कंपनीच उघडेना, मग कंट्रोल, ऑल्ट आणि आर दाबून सगळा डेटा रीराइट करत बसायचं, हा अनुभव त्या बाजारात कुणाला नवा नाही.

म्हणून यंत्राला आवरायला वेळ मिळाला पाहिजे. आणि इथे एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नेटवर्कवरून कुणीही कुणाचं यंत्र बंद करत नाही. दुसऱ्या टोकाला पोहोचते ती फक्त एक विनंती. ती ऐकायची की नाही हे समोरचं यंत्र ठरवतं, आणि ऐकली तर स्वतःला स्वतःच बंद करतं. तेव्हा दोन्ही बाजूंना कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे याला फारसं महत्त्व उरत नाही. विनंती समोरच्याला कळेल अशा भाषेत आहे का, ती करणारा कोण हे पटतं का, आणि त्याला तसा अधिकार दिलेला आहे का, इतकंच पाहिलं जातं.

त्यातला भाषेचा प्रश्न सगळ्यात अवघड होता आणि तो सुटला त्याची हकीकत मला फार मोलाची वाटते. विंडोजची यंत्रं एकमेकांशी एसएमबी नावाच्या संकेतांत बोलतात. फायली, प्रिंटर आणि कारभाराच्या अनेक आज्ञा याच वाटेने जातात. या संकेताचा पाया १९८०च्या दशकात आयबीएममध्ये घातला गेला, पुढे मायक्रोसॉफ्टने त्यात इतकी भर घातली की त्याचे बारकावे बाहेर कुणाला ठाऊकच राहिले नाहीत. १९९१च्या अखेरीस कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल नावाचा विद्यार्थी आपल्या डॉस संगणकावरून युनिक्स यंत्रावरच्या फायली कशा दिसतील याच्या मागे लागला. कागदपत्रं हाताशी नव्हती. त्याने तारेतून जाणारे संदेश पकडले, एका बाजूने काय गेलं आणि दुसरीकडून काय उत्तर आलं ते मांडून पाहिलं, आणि त्यावरून स्वतःचा सर्व्हर लिहिला. त्याचंच पुढे सांबा झालं. आपल्या पद्धतीला ट्रिजेलने फ्रेंच कॅफेची उपमा दिली आहे. फ्रेंच येत नसताना कॅफेत बसावं, गिऱ्हाईक काय बोललं आणि वेटरने टेबलावर काय आणून ठेवलं याच्याकडे लक्ष ठेवावं, आणि असं करत भाषा शिकावी.

वर्षानुवर्षं जगभरातल्या प्रोग्रामरांनी हेच केलं. विंडोज एनटीची दूरस्थ कारभाराची एकेक आज्ञा त्यांनी अशीच ओळखून काढली, आणि दुरून बंद करण्याची आज्ञा त्यांतलीच एक. दरम्यान युरोपीय आयोगाने मार्च २००४मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि प्रतिस्पर्ध्यांना हे संकेत समजतील अशी माहिती द्या असा आदेश दिला. कंपनी न्यायालयात गेली. सप्टेंबर २००७मध्ये निकाल आयोगाच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सांबाच्या मंडळींना ती कागदपत्रं १०,००० युरो एकरकमी भरून मिळाली. मी याकडे केवळ कंपन्यांचं भांडण म्हणून पाहू शकत नाही. नागपूरच्या लॅबमधला फुकटचा लिनक्स सर्व्हर टेबलावरच्या विंडोजशी बोलू शकतो तो या लोकांच्या चिकाटीमुळे, आणि यंत्रांची बोली कुणा एकाच्या मालकीची असू नये या आग्रहामुळे.

आता प्रत्यक्ष आज्ञा पाहू. लिनक्सवर सांबाची साधनं बसवली की त्यांत 'नेट' नावाचा एक प्रोग्राम येतो. टर्मिनल उघडून 'नेट आरपीसी शटडाउन' असे तीन शब्द लिहायचे. आरपीसी म्हणजे दुसऱ्या यंत्रावरचं काम आपल्या यंत्रावरून बोलावून घेण्याची पद्धत. पुढे ज्या यंत्राला सांगायचं त्याचा आयपी पत्ता, समजा १९२.१६८.१.२०, आणि त्या विंडोजवरच्या खातेदाराचं नाव. मग मुदत, सेकंदांत. मुदत दिली नाही तर सांबा २० सेकंद धरतो. बंद करून पुन्हा चालू करायचं असेल तर त्यासाठी एक अक्षर आहे, उघडे प्रोग्राम जबरीने मिटवायचे असतील तर आणखी एक. आणि हवा असल्यास एक संदेश. एंटर मारल्यावर विसाव्या टेबलावरच्या पडद्यावर मधोमध एक चौकट उगवते, सेकंद उलटे मोजले जातात आणि खाली आपला संदेश दिसतो. विचार बदलला तर 'नेट आरपीसी अबॉर्टशटडाउन' ही आज्ञा मुदत संपायच्या आत पाठवायची. टेबलाशी बसलेल्यालाही मोजणी थांबवता येते, पण त्याच्या खात्याला तसा हक्क असला तरच.

तो संदेश मराठीत लिहिता येतो, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. सप्टेंबर २००३मध्ये आलेल्या सांबा ३ने युनिकोड स्वीकारलं आणि विंडोज एनटी तर सुरुवातीपासून आतून युनिकोडच वापरत होतं. तेव्हा 'लाईन गेली आहे, काम सेव्ह करा' हे वाक्य तारेतून सुखरूप जातं. अडचण यायची ती पडद्यावर. विंडोज एक्सपीत भारतीय लिप्यांचा आधार आपोआप बसत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करावी लागे आणि विंडोजची सीडी घालावी लागे. ती खूण न केलेल्या यंत्रांवर मराठीच्या जागी चौकोन दिसत. मुलं घाबरून हात वर करत, आणि मिनिट त्यातच जाई. ज्या लॅबमध्ये सीडी घालून हे काम आधी उरकलेलं असे तिथे मुलं संदेश वाचून निमूट सेव्ह करायला लागत.

विनंती विंडोजकडे पोहोचली की आत काय होतं? विंडोज अशा कामांसाठी नावं दिलेले दरवाजे ठेवतं. त्यांना नेम्ड पाइप म्हणतात. जुन्या एनटी ४मध्ये ही विनंती रजिस्ट्रीच्याच दरवाज्यातून जायची, विंडोज २०००पासून तिला स्वतंत्र दार मिळालं. सांबा आधी नवं दार ठोठावतो, उघडलं नाही तर जुन्याकडे जातो. आत गेल्यावर विंडोज खातेदाराचं नाव आणि पासवर्ड तपासतं, आणि मग त्याच्याकडे 'दुसऱ्या यंत्रावरून बंद करण्याचा' खास हक्क आहे का ते पाहतं. हा हक्क मुळात फक्त ॲडमिनिस्ट्रेटरना असतो. मुदत संपली की प्रत्येक उघड्या प्रोग्रामला विचारलं जातं, आवरायचं ना? न जतन केलेली फाईल असलेला प्रोग्राम इथे अडून बसू शकतो. जबरीचं अक्षर वापरलं असेल तर त्याचं ऐकून घेतलं जात नाही. माझं मत विचाराल तर लॅबमध्ये जबरी वापरावीच लागते, कारण अडून बसलेलं यंत्र चार मिनिटांनी तसंही मरणार असतं. पण मुदत किमान नव्वद सेकंदांची द्यावी आणि संदेश कधीही गाळू नये. मुलाचं अर्ध्या तासाचं काम आपल्या हातात आहे याचं भान त्या नव्वद सेकंदांत राहतं.

पुस्तकात इतकं सोपं वाटणारं हे काम पहिल्या खेपेला सहसा होत नाही, आणि त्याचं कारण बहुधा लिनक्समध्ये नसून विंडोजच्या सावधपणात असतं. एक्सपीत पासवर्ड नसलेलं खातं नेटवर्कवरून वापरता येत नाही, आणि त्या काळी लॅबमधली अर्धी खाती बिनपासवर्डाची असत. एक्सपीत फायली वाटून घेण्याची सोपी पद्धत चालू असेल तर बाहेरून येणारा प्रत्येकजण पाहुणाच समजला जातो, मग तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड का देईनात. एक्सपी होम आवृत्तीत तर ही पद्धत बंदच करता येत नाही, म्हणून तिथे हा मार्ग खुंटतो. ऑगस्ट २००४च्या सर्व्हिस पॅक २पासून फायरवॉल आपणहून चालू राहू लागली आणि एसएमबी ज्यावरून चालतं ते ४४५ क्रमांकाचं पोर्ट बाहेरच्यांना मिटलं. व्हिस्टा आणि त्यानंतरच्या विंडोजमध्ये स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर नेटवर्कवरून आला तर त्याचे खास अधिकार काढूनच त्याला आत घेतात. त्यासाठी रजिस्ट्रीत एक नोंद मुद्दाम बदलावी लागते. पुढे मायक्रोसॉफ्टने बंद करण्याच्या विनंतीसाठी आणखी नवा मार्ग काढला, फायरवॉलमध्ये 'रिमोट शटडाउन' नावाचा वेगळा नियम आला, आणि जुन्या दारावर ठोठावणाऱ्या सांबाला आत असं काही नाहीच, असं उत्तर मिळू लागलं.

इतका बंदोबस्त कशासाठी, हे २००३च्या ऑगस्टने दाखवून दिलं. ११ ऑगस्टला ब्लास्टर नावाचा किडा पसरू लागला. विंडोजच्या आरपीसी सेवेतल्या एका चुकीचा फायदा घेऊन तो आत शिरायचा. त्या धडपडीत ती सेवा कोसळायची आणि ती कोसळली की विंडोज ६० सेकंदांची चौकट दाखवून पुन्हा सुरू व्हायचं. यंत्र नेटला जोडलं की मिनिटभरात तीच चौकट. ज्यांना ठाऊक होतं ते घाईघाईने रनमध्ये जाऊन शटडाउन, वजा चिन्ह आणि ए असं टंकायचे आणि मोजणी थांबवायचे. मे २०१७मध्ये वॉनाक्राय याच एसएमबीच्या ४४५ पोर्टावरून जगभर फिरला, तोही विंडोजच्या दुसऱ्या एका चुकीवरून. ज्या दारातून लॅब असिस्टंटचा निरोप जातो त्याच दारापाशी चोरही घुटमळतात. म्हणून हे पोर्ट आतल्या नेटवर्कपुरतं उघडावं, इंटरनेटच्या बाजूला कधीच नाही.

पासवर्डाबद्दलही एक गोष्ट कळकळीने सांगतो. लिनक्सवर आज्ञेतच नावापुढे टक्क्याचं चिन्ह देऊन पासवर्ड लिहिता येतो आणि बरेचजण तसंच करतात. तो टर्मिनलच्या इतिहासात राहतो, आणि आज्ञा चालू असताना त्या सर्व्हरवर आलेल्या कुणालाही प्रक्रियांच्या यादीत तो दिसू शकतो. त्याऐवजी नाव आणि पासवर्ड एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवून ती फक्त रूट खात्याला वाचता येईल अशी करावी. आणि मुळात ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं वापरूच नये. विंडोजच्या लोकल सिक्युरिटी पॉलिसीत जाऊन एका साध्या खात्याला दुरून बंद करण्याचा तेवढा एक हक्क देता येतो. त्या खात्याचा पासवर्ड फुटला तरी चोराला यंत्रं बंद करण्यापलीकडे फारसं काही साधत नाही.

उलट्या बाजूने, म्हणजे विंडोजवरून लिनक्स बंद करायचं असेल तर वाट पहिल्यापासून सरळ होती. १९९५मध्ये हेलसिंकीजवळच्या तंत्र विद्यापीठात तातू यलोनेन याने एसएसएच हे दुरून कूटबद्ध वाटेने लॉगिन करण्याचं साधन लिहिलं. विंडोजवर सायमन टॅथम याचा पुटी हा छोटासा प्रोग्राम उघडायचा, लिनक्समध्ये लॉगिन करायचं आणि सुडो या वरचे अधिकार देणाऱ्या आज्ञेबरोबर शटडाउनची आज्ञा द्यायची. इथेही सुडोच्या नियमांत एक ओळ लिहून अमुक माणसाला फक्त एवढीच आज्ञा, असं बांधून देता येतं. ऑक्टोबर २०१८च्या विंडोज १०पासून मायक्रोसॉफ्टने ओपनएसएसएचचा सर्व्हर विंडोजमध्येच द्यायला सुरुवात केली. तो बसवला की लिनक्सवरूनही एसएसएचने आत जाऊन विंडोजचीच शटडाउन आज्ञा चालवता येते. आज नवी लॅब उभारणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवेन. दोन्ही दिशांना एकच वाट आणि जाणारं सगळं बोलणं कूटबद्ध.

तरीही लाईन गेली तेव्हा लॅब असिस्टंट जेवायला गेला असेल तर? यासाठी नेटवर्क यूपीएस टूल्स नावाचा मुक्त प्रोग्राम आहे. यूपीएस सर्व्हरला सिरीयल किंवा यूएसबी तारेने जोडायचा. लाईन गेली की यूपीएस त्या तारेतून सर्व्हरला कळवतो, बॅटरी तळाला आली की पुन्हा कळवतो. बाकीची यंत्रं सर्व्हरकडे ३४९३ क्रमांकाच्या पोर्टावर कान देऊन बसलेली असतात. बॅटरी संपत आली हे कळताच ती स्वतः बंद होतात, आणि सर्व्हर त्यांच्यासाठी थोडा थांबून मग शेवटी आवरतो. इथे कुणाच्या विंडोज खात्याचा पासवर्ड लागत नाही, फक्त या प्रोग्रामचा स्वतःचा. सर्व्हर फक्त विजेची खबर देतो, बंद व्हायचं की नाही हे प्रत्येक यंत्र आपलं आपण ठरवतं. अडचण इतकीच की आपल्याकडे प्रत्येक टेबलाखाली स्वस्तातला एकेक यूपीएस किंवा सगळ्या खोलीला एक मोठा इन्व्हर्टर असतो, आणि त्यांतल्या बहुतेकांना खबर देणारी तारच नसते. नवा घेताना आणखी थोडे पैसे टाकून तारेचा घ्यावा.

अधिकाराचा मुद्दा यंत्रापुरता नाही, कायद्यातही आहे. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २०००ला लागू झाला. त्याच्या कलम ४३नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकात शिरणं, त्याच्या कामात खंड पाडणं किंवा हक्काच्या माणसाला तो वापरू न देणं यासाठी भरपाई द्यावी लागते. हेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजारच्या बाकावरच्या मित्राचं यंत्र गमतीने बंद करणाऱ्या मुलाला हे पहिल्याच तासाला सांगायला हवं. ऑनलाइन परीक्षा चालू असताना कुणी असं केलं तर एका विद्यार्थ्याचं वर्ष जाऊ शकतं.

बंद केलेली यंत्रं सकाळी दुरूनच चालू करण्याचीही सोय आहे. एएमडी आणि ह्युलेट-पॅकार्डने १९९५मध्ये आणलेलं मॅजिक पॅकेट म्हणजे १०२ बाइटांचा एक छोटा संदेश. आधी सहा बाइट, ज्यांतला प्रत्येक बिट १ असतो, आणि मागोमाग त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा सहा बाइटांचा पत्ता सोळा वेळा. यंत्र बंद असतानाही कार्डाला थोडी वीज मिळत राहते, ते आपला पत्ता ओळखतं आणि यंत्राला उठवतं. इथे पासवर्ड नाही आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रश्नही नाही, कारण ती अजून जागीच झालेली नसते. पण नागपुरात रात्री लाईन जाऊन यूपीएसही उतरला असेल तर कार्डाची ती थोडी वीजही गेलेली असते, आणि लाईन परत आल्यावर पुष्कळ जुन्या मदरबोर्डांवर हे पॅकेट काही कामाचं राहत नाही. तिथे बायोसमध्ये जाऊन, वीज आली की आपोआप सुरू हो, असं ठरवून ठेवता येतं. मात्र तीसही यंत्रांना ते लावू नये. तीस पॉवर सप्लाय आणि जुने काचेचे मॉनिटर एकदम वीज ओढायला लागले की लॅबचा एमसीबी पडतो. ही सोय फक्त सर्व्हरला द्यावी, बाकीच्यांना त्याने पाच-पाचच्या गटांत, मध्ये अर्धा मिनिट सोडून जागं करावं, आणि जी उठणार नाहीत त्यांच्यासाठी लॅब असिस्टंटने वर्ग भरायच्या आधी एक फेरी मारावी.